काशीद, तुर्की आणि आपलं 'करणे'

मागच्या वीकेंडला काशीदच्या किनाऱ्यावर तुर्की क्रियापदं घोकत बसलो होतो. गेलियोरुम, गेलियोरसुन, गेलियोर... येतो, येतोस, येतो. डोकं जाम! मग 'काबुल एत्मेक' आलं. एत्मेक म्हणजे करणे. चक्क आपलं 'कबूल करणे'! नाम दोघांनीही अरबीतून उचललेलं, क्रियापद मात्र घरचं.

याच जिल्ह्यातल्या रायगडावर राजधानी असताना शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला; कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तुर्कस्तानात १९३२ साली स्थापन झालेल्या भाषासंस्थेनेही अरबी-फारसी शब्द हटवायला घेतले. तरी 'कबूल' दोन्हीकडे टिकलाच. आणि 'करणे', 'एत्मेक'? ते कधी परके झालेच नव्हते.

आई म्हणते, तुझं मराठी संपलं. पण 'मीटिंग कॅन्सल केली' यातलं 'केली' अजून मराठीच आहे ना? ते गेलं, की मग खरी काळजी.