मातीतून आलेले औषध जपून वापरा



पहाटे धारेला बसावे आणि गाईची कास दगडासारखी टणक लागावी, सडातून दुधाऐवजी गाठी याव्यात, हा प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आपण याला ‘दगडी’ म्हणतो, डॉक्टर कासदाह म्हणतात. डॉक्टर सुई देतात, सडात औषधाची नळी सोडतात आणि वेळेवर इलाज झाला तर बहुधा कास वाचते. ही जंतू मारणारी औषधे म्हणजे प्रतिजैविके. ती आली कुठून ते ऐका, म्हणजे ती कशी वापरावीत हेही ध्यानात येईल.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जंतू वाढवलेल्या बशीत बुरशी आलेली दिसली. बुरशीच्या आसपासचे जंतू मरून गेले होते. त्या बुरशीतून पेनिसिलीन मिळाले. पुढे ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांनी १९४०-४१ च्या सुमारास ते रोग्याला देण्याजोगे केले.

नंतरची औषधे तर थेट मातीतून आली. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कृषी महाविद्यालयात सेल्मन वॅक्समन मातीतल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करीत. १९४३ साली त्यांचे विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ यांना भरपूर शेणखत घातलेल्या मातीत स्ट्रेप्टोमायसीन तयार करणारा जीव सापडला. मिझुरीतील कृषी प्रयोगाच्या शेतातल्या मातीतून ऑरिओमायसीन निघाले, ते १९४८ साली जाहीर झाले. १९५० मध्ये त्याच जातकुळीतले ऑक्सिटेट्रासायक्लीन आले, तेही मातीतूनच. जनावरांच्या दवाखान्यात ते आजही वापरतात.

आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. परदेशातून आणावे लागणारे औषध आपल्याच मुलखात बनू लागले.

पण फ्लेमिंग यांनी १९४५ मध्येच, नोबेल पारितोषिकाच्या वेळच्या भाषणात, धोक्याची सूचना दिली होती. औषध अपुरे दिले तर जंतू मरत नाहीत, उलट त्याला सरावतात. कपाशीवर एकच औषध पुन्हा पुन्हा मारले की अळी दाद देत नाही, हे आपण पाहिलेच आहे. गोठ्यातही तेच घडते. आणि असे सरावलेले जंतू गोठ्यातच राहत नाहीत, ते माणसांपर्यंत पोचतात. मग घरातले लेकरू आजारी पडले तर तेच औषध त्यालाही लागू पडत नाही. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखायचे औषध कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात असे. सरकारने २०१९ साली अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली, ती याच कारणाने.

तेव्हा एवढे पाळा :

१. शेजाऱ्याकडे उरलेली बाटली आणून सुई टोचू नका. औषध कोणते, किती आणि किती दिवस, हे पशुवैद्यकीय डॉक्टरांनाच ठरवू द्या.

२. जनावर दुसऱ्या दिवशी चरू लागले तरी सांगितलेले दिवस पुरे करा. निम्म्यावर सोडू नका.

३. लाळ्या-खुरकूत विषाणूने होतो. प्रतिजैविकाने विषाणू मरत नाही. फार तर जखमा चिघळू नयेत म्हणून डॉक्टर ते देतील. या रोगाला लस हाच उपाय. घटसर्प व फऱ्या यांची लसही पावसाळ्याआधीच टोचून घ्या.

४. औषध चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नका, घरीही पिऊ नका. अशा दुधाचे दही नीट लागत नाही, कारण विरजणातले उपयोगी जीवही त्या औषधाने मरतात.

५. धार काढण्याआधी हात व कास धुवा आणि पुसून कोरडी करा. धारेनंतर सडांची तोंडे काही वेळ उघडी असतात, म्हणून गाईला लगेच बसू देऊ नका, पुढ्यात वैरण टाका. गोठा कोरडा ठेवा. दगडी झालीच नाही, तर सुईचा खर्चही वाचेल.

हे औषध आपल्याला मिळाले ते मातीच्या कृपेने. ते आपल्या नातवंडांच्याही उपयोगी पडावे, एवढे आपल्या हाती आहे.