धुळीचा हिशेब : पेस्टल खडू, छोटी प्रतिकृती आणि इतिहासाचा पुरावा

#थ्रेड

१/ एकाच वाफेच्या इंजिनाच्या दोन प्रतिकृती समोर ठेवल्या आहेत, अशी कल्पना करा. आराखडा एकच, मूळ रंगही दोन्हींचा काळाच. एक १९३६ सालची, दुसरी १९६८ सालची. मग फरक कशाने दाखवायचा? उत्तर आहे धुळीने. आणि ही धूळ येते चित्रकाराच्या पेस्टल खडूतून.

२/ पेस्टल म्हणजे रंगद्रव्याची पूड, खडू किंवा मातीसारखे भरणद्रव्य आणि कांडी टिकेल इतपतच डिंक. व्हेनिसच्या रोझाल्बा कॅरिएरा या चित्रकर्तीने याच माध्यमात व्यक्तिचित्रे काढून युरोपात कीर्ती मिळवली. १७२० मध्ये ती पॅरिसला गेली आणि त्याच वर्षी तिथल्या राजकीय कला अकादमीने तिला सदस्यत्व दिले.

३/ डिंक कमी असल्यामुळे रंग मखमली दिसतो. पण त्याच कारणाने तो कागदावर घट्ट बसत नाही. काँतँ द ला तूर याने काढलेले मादाम द पाँपादूरचे भव्य पेस्टल १७५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले. आज ते लूव्र संग्रहालयात आहे. अशा चित्रांना काचेचे कवच लागतेच.

४/ रंग पक्का करण्यासाठी द्रव फवारावा, तर तो गडद होतो. कणांमधल्या हवेमुळे प्रकाश विखुरतो आणि पूड उजळ दिसते. द्रवाने त्या फटी भरल्या की उजळपणा मावळतो. अठराव्या शतकातील चित्रकारांना छळणारी ही अडचण आजच्या मॉडेलकारालाही तशीच भेटते.

५/ मात्र चित्रकाराला नडणारा हा सैलपणा मॉडेलकाराच्या पथ्यावर पडतो. १:८७ या प्रमाणात १७४ सेंटीमीटरचा माणूस केवळ २ सेंटीमीटरचा होतो. या मापावर ब्रशने दिलेल्या ओल्या रंगाची कडाही ठळकपणे उठून दिसते. पुडीला अशी कडा नसते; ती खऱ्या धुळीसारखी विरत जाते.

६/ कृती साधी आहे. कांडी कोरडी हवी. तेलकट पेस्टल चालत नाही. ती पात्याने खरवडायची किंवा सँडपेपरवर घासायची. प्रतिकृतीवर आधी मॅट वॉर्निशचा हात द्यायचा, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर पूड धरत नाही. मग मऊ ब्रशने थोडी थोडी पूड चढवायची. वर पुन्हा वॉर्निश फवारायचे असेल, तर पूड थोडी जास्तच लावायची. निम्मी नाहीशी झाल्यासारखी वाटते.

७/ इथे एक गंमत ध्यानात येते. तांबूस पेस्टलमध्ये बहुधा लोहाचे ऑक्साइड असते, म्हणजे आपल्या गेरूचेच कूळ, आणि गंजाचेही. काळ्या कांडीत कार्बन असतो. धुराड्याची काजळीही कार्बनच. बॉयलरवर कठीण पाण्याचे जे पांढरे ओघळ उमटतात, ते मुख्यतः चुन्याचे, म्हणजे खडूचे सगोत्र. बऱ्याचदा ही धूळ खऱ्या मळाची केवळ नक्कल नसते. द्रव्यही जवळपास तेच असते.

८/ धूळ मुद्दाम दाखवण्याची ओढ छंदात रुजवणाऱ्यांत कॅलिफोर्नियातील जॉन ॲलन यांचे नाव अग्रणी आहे. १९७३ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले आणि काही दिवसांतच त्यांची प्रसिद्ध छोटी रेल्वे आगीत बहुतांशी नष्ट झाली. ॲलन स्वतः छायाचित्रकार होते, म्हणूनच तिचे रूप आज पाहता येते. मळ कुठे आणि किती, हे ठरवतानाही छायाचित्रच आधार देते.

९/ आता त्या दोन इंजिनांकडे परतू. ब्रिटनमधील ‘ब्लॅक फाइव्ह’ वर्गाची इंजिने १९३४ पासून धावू लागली. १९५१ पर्यंत अशी ८४२ बांधली गेली. त्या काळी शेडमध्ये इंजिने पुसणारी पोरे असत. हातात चिंध्या आणि तेल. फायरमन आणि पुढे ड्रायव्हर होण्याची ती पहिली पायरी होती.

१०/ महायुद्धात माणसे कमी पडली. युद्धानंतर अशा मळकट, कष्टाच्या कामाला कामगार मिळेनासे झाले आणि वाफेचे दिवसही भरत आले. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरील वाफेचे युग संपले, तेव्हा शेवटपर्यंत राबलेल्या इंजिनांत हीच इंजिने होती. त्यांतली कित्येक काजळीने इतकी माखलेली, की क्रमांकही धड वाचता येत नसे.

११/ म्हणून इंजिनावरची धूळ हा हवामानाइतकाच श्रमाचाही हिशेब आहे. चकचकीत इंजिनामागे पुसणारे हात असतात. मळक्या इंजिनामागे त्या हातांची अनुपस्थिती. प्रत्येक प्रतिकृती सरसकट गंजवणे ही चूकच, कारण त्याने हा हिशेब पुसला जातो. १९३६ च्या इंजिनावर १९६८ ची काजळी चढवली, तर त्या पोरांचे काम आपण दुसऱ्यांदा विसरलो, असे होते.

१२/ तेव्हा पेस्टल खरवडण्याआधी एक प्रश्न विचारावा : साल कोणते, आणि त्या साली हे पुसणारे कोणी होते का? धागा समाप्त.