पाटील, सदाशिव कानोजी (स. का. पाटील)

पाटील, सदाशिव कानोजी : काँग्रेस नेते, मुंबईचे महापौर आणि १९५७ ते १९६७ या दशकातील बहुतेक काळ केंद्रीय मंत्री. जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मृत्यू १९८१. महाराष्ट्रात त्यांचे नाव मंत्री म्हणून क्वचितच निघते. निघते ते संयुक्त महाराष्ट्राचे विरोधक म्हणून, आणि १९६७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांनी हरवलेला ‘मुंबईचा अनभिषिक्त राजा’ म्हणून. या दोन्ही आठवणी खऱ्याच. पण दिल्लीतील त्यांचे वजन मुंबईतील ज्या सत्तेवर उभे होते, ती सत्ता नेमकी कशी होती हे त्यातून कळत नाही.

असहकाराच्या लाटेत त्यांनी महाविद्यालय सोडले. पुढे इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन परतल्यावर काही काळ पत्रकारिता केली, चळवळीत तुरुंगवास भोगला. मात्र त्यांचा पिंड संघटकाचा. काँग्रेसने १९२० नंतर आपले प्रांत भाषेनुसार आखले, तेव्हा मुंबई शहर ना महाराष्ट्राच्या प्रांतिक कमिटीत घातले, ना गुजरातच्या. शहराची स्वतंत्र मुंबई प्रांतिक काँग्रेस कमिटी झाली. ही कमिटी पाटलांनी वर्षानुवर्षे हातात ठेवली. १९४६ पासून सुमारे दहा वर्षे ते तिचे अध्यक्ष होते. गिरणीमालक, कापडबाजार, दलाल आणि व्यापारी यांच्याकडून पक्षासाठी निधी उभा करावा तो पाटलांनीच, असा लौकिक होता. निवडणुकीच्या काळात देशभरच्या काँग्रेसला मुंबईच्या थैलीची गरज पडे आणि तिची दोरी कुणाच्या हाती आहे हे दिल्लीत सर्वांना ठाऊक होते. १९४९ ते १९५२ अशी सलग तीन वर्षे ते महापौर होते. संविधान सभेचेही ते सदस्य होते. १९५२ मध्ये दक्षिण मुंबईतून ते लोकसभेत गेले.

मुंबई महाराष्ट्राला देऊ नये ही त्यांची भूमिका या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. ती केवळ भांडवलदारांची तरफदारी होती असे म्हणणे सोपे आहे, आणि काही अंशी खरेही. पण ज्या शहराला पक्षाने पूर्वीच वेगळा प्रांत मानले होते, त्या प्रांताचा प्रमुख आपले राज्य सहजी विसर्जित करील, ही अपेक्षाच भाबडी होती. २० नोव्हेंबर १९५५ रोजी गिरगाव चौपाटीवर मोरारजी देसाई आणि पाटील यांची सभा झाली. पाच हजार वर्षांनीही मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, या आशयाचे पाटलांचे उद्गार याच सभेतले म्हणून सांगितले जातात. श्रोत्यांनी सभा उधळली. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनजवळच्या मोर्चावर गोळीबार होऊन १५ जणांचे प्राण गेले. पुढची काही वर्षे आचार्य अत्रे यांच्या लेखणीला आणि व्यासपीठाला पाटलांइतके हक्काचे गिऱ्हाईक क्वचितच मिळाले असेल. मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले आणि पाच हजार वर्षांचा हिशेब १ मे १९६० रोजी, पाच वर्षेही पुरी होण्याआधी, मिटला.

तरीही १९५७ च्या निवडणुकीत, संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट असताना, दक्षिण मुंबई त्यांच्याच हातात राहिली; शेजारच्या मध्य मुंबईतून मात्र समितीच्या बाजूने कम्युनिस्ट नेते श्री. अ. डांगे निवडून आले. लालबाग-परळचा गिरणगाव दक्षिणेच्या मतदारसंघात नव्हता. तिथे गिरगावच्या चाळींबरोबर काळबादेवी-भुलेश्वरच्या पेठाही होत्या, आणि पाटलांची मदार या पेठांवर अधिक होती. १९६२ मध्येही ते निवडून आले.

१९५७ मध्ये नेहरूंनी त्यांना मंत्रिमंडळात घेतले. पाटबंधारे व वीज, मग वाहतूक व दळणवळण ही खाती अल्पकाळची ठरली. १९५९ मध्ये आलेले अन्न व कृषी खाते त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत महत्त्वाचे. ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांनी अमेरिकेशी तिच्या पी. एल. ४८० या धान्यमदतीच्या कायद्याखालील मोठा करार केला. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यावर स्वतः सही केली. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ देण्याचे ठरले. किंमत डॉलरऐवजी रुपयांत चुकती करायची होती. भाववाढ रोखायला आणि शहरांना धान्य पुरवायला हा गहू उपयोगी पडला. बाहेरचे स्वस्त धान्य हाताशी असल्याने देशी शेतीकडे दुर्लक्ष झाले, ही टीकाही तितकीच रास्त आहे. सुधारित बियाण्यांचा मार्ग नंतर सी. सुब्रह्मण्यम यांनी धरला. पाटलांची दृष्टी या खात्यातही बाजारपेठेच्या माणसाची राहिली : माल कमी पडतोय, तर तो आणा.

१९६३ मध्ये, ज्येष्ठ नेत्यांनी पदे सोडून पक्षकार्य करावे या कामराज योजनेखाली, त्यांनी राजीनामा दिला. १९६४ मध्ये शास्त्रींनी त्यांना रेल्वे खाते दिले; इंदिरा गांधींच्या पहिल्या मंत्रिमंडळातही ते त्यांच्याकडेच राहिले. या काळात दक्षिण-मध्य रेल्वे हा नवा विभाग झाला (२ ऑक्टोबर १९६६). कोकणच्या या रेल्वेमंत्र्याच्या कारकिर्दीत कोकणाकडे जाणारा रूळ पनवेलहून पुढे सरकला तो आपट्यापर्यंत.

कामराज, निजलिंगप्पा, अतुल्य घोष, संजीव रेड्डी यांच्यासह ज्या गटाला ‘सिंडिकेट’ म्हणत, त्यात पाटील होते. १९६७ च्या निवडणुकीआधी व्ही. के. कृष्ण मेनन यांची मुंबईतील उमेदवारी कापली गेली, त्यामागे पाटलांचाच हात मानला गेला. स्वतःच्या मतदारसंघात मात्र त्यांचा अंदाज चुकला. टॅक्सीचालक आणि महापालिका कामगारांचे पुढारी फर्नांडिस संयुक्त समाजवादी पक्षातर्फे उभे होते. पाटील हरू शकतात, एवढे मतदाराला पटवणे हाच त्यांच्या प्रचाराचा गाभा होता. ते पटले. थैली आणि पेढ्यांवरचे राजकारण कामगार कार्यकर्त्यांच्या घरोघरच्या फेऱ्यांपुढे टिकले नाही. मंत्रिपदही गेले, कारण ते मुंबईच्या जोरावर होते आणि मुंबईच हातची गेली होती.

१९६९ मध्ये गुजरातमधील बनासकांठा येथून पोटनिवडणुकीत ते लोकसभेत परतले. मुंबईच्या मराठी टीकाकारांना यापेक्षा सोयीचा पुरावा मिळणे कठीण होते. त्याच वर्षी पक्ष फुटल्यावर ते इंदिरा गांधींच्या विरोधातील संघटना काँग्रेसमध्ये राहिले. १९७१ नंतर ते लोकसभेत दिसले नाहीत. मालवणचे सिंधुदुर्ग महाविद्यालय आणि चर्नी रोड स्थानकाजवळचे उद्यान यांना त्यांचे नाव आहे.