अपराजित, पण अनिमंत्रित

इतिहास बहुधा जिंकणाऱ्यांची नोंद ठेवतो. परंतु सर्व सामने जिंकूनही ज्यांना मानाच्या सामन्याचे आमंत्रण मिळाले नाही, अशा एका संघाची हकिगत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. हा संघ एका कॅथलिक विद्यापीठाचा होता, हेही ती सांगण्यामागचे एक कारण आहे.

येशूसंघीय फादरांनी १८५५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे एक लहानशी शाळा सुरू केली. तिचेच पुढे सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ झाले. १९५१ साली जो कुहारिच हे तेथील अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. हा खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून वेगळा आहे. यात अंडाकृती चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाची फळी भेदीत अंतिम रेषा गाठायची असते. विद्यापीठ लहान, पैसा बेताचा. तरीही गिनो मार्चेटी, बॉब सेंट क्लेअर यांसारखे धिप्पाड गडी या संघात होते. त्यांतील मार्चेटी तर दुसऱ्या महायुद्धात लढून आला होता. ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोघे खेळाडू मात्र कृष्णवर्णीय होते. एक मूळचा टेक्सासचा, दुसरा टेनेसीतील मेम्फिसचा.

त्या मोसमात या संघाने नऊ सामने खेळले व नऊही जिंकले. न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी फोर्डहॅम या दुसऱ्या येशूसंघीय विद्यापीठाला ३२-२६ असे हरविले, तर कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा ४७-१४ असा धुव्वा उडविला. मॅटसनने मोसमात चेंडू घेऊन १,५६६ यार्डांची मजल मारली आणि २१ वेळा अंतिम रेषा ओलांडली. धावांच्या यार्डांत त्या वर्षी देशात त्याचाच पहिला क्रमांक होता.

अमेरिकेत नववर्षाच्या सुमारास निवडक संघांना ‘बाउल’ नावाच्या मानाच्या सामन्यांची आमंत्रणे येतात. त्यातून कीर्ती मिळते आणि पैसाही. तोट्यात चाललेल्या या संघाला पैशाची निकड होती. परंतु दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा शाळा, बस, उपाहारगृहे, सर्वत्र वर्णभेद कायद्यानेच पाळला जात असे. दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना घरी ठेवाल तर आमंत्रण मिळेल, असे संघाला सुचविण्यात आले, ही आठवण त्या खेळाडूंनी पुढे वारंवार सांगितली आहे. संघाने ही अट मानली नाही. जाऊ तर सगळे जाऊ, नाही तर कोणीच नाही, हाच त्यांचा निर्णय होता. या संघाचे प्रतिस्पर्धी दुबळे होते, असे कारण तेव्हा पुढे करण्यात आले. आमंत्रण आले नाही, आणि त्या मोसमानंतर विद्यापीठाने खर्च झेपेना म्हणून संघच बंद केला.

म्हणजे सत्याची किंमत त्यांना रोख मोजावी लागली. येथे कोणताही चमत्कार घडला नाही, हे आम्हांस मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

पुढील काळाने मात्र या गड्यांचे मोल जाणले. मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये एक रौप्य व एक कांस्य अशी दोन पदके मिळविली. मॅटसन, मार्चेटी व सेंट क्लेअर या तिघांना व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान-दालनात स्थान मिळाले. संघाचे प्रसिद्धीप्रमुख पीट रोझेल हे १९६० मध्ये व्यावसायिक लीगचे सर्वाधिकारी झाले. टोलरचा गुडघा १९५२ मध्ये दुखावला व व्यावसायिक खेळाडू होण्याचे त्याचे स्वप्न संपले. पण तो खचला नाही. शिक्षक व पुढे मुख्याध्यापक म्हणून त्याने मुले घडविली, आणि १९६५ मध्ये त्या लीगचा तो पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. ज्याला मैदानाबाहेर ठेवा म्हणत होते, त्याच्याच शिटीवर आता खेळ थांबू लागला! २००९ मध्ये त्याचे निधन झाले. विद्यापीठातील एका वसतिगृहाला वर्णद्वेषी प्रचार करणाऱ्या जेम्स फेलन या सिनेटरचे नाव होते. २०१७ मध्ये ते काढून तेथे बर्ल टोलरचे नाव देण्यात आले.

ख्रिस्तसभा म्हणजे एक शरीर, आणि आपण सारे तिचे अवयव, ही संत पौलाची शिकवण आपण प्रवचनांतून किती वेळा ऐकतो! त्या तरुणांनी ती मैदानावर आचरून दाखविली. दूरच्या अमेरिकेतील वर्णभेदाला नावे ठेवणे आपणांस सोपे जाते. पण एकाच वेदीभोवती जमणारे आपण, मुलामुलींची लग्ने जुळविताना कोण कुठल्या जातीचा, कुठल्या बोलीचा, हे विचारण्याचे सोडले आहे काय? आपल्या सुखाच्या पंगतीत ‘त्या दोघांना तेवढे वगळा’ असे आपणांसही कोणी सुचवील. त्या वेळी काय उत्तर द्यायचे, ते आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक कुटुंबाने आजच ठरवून ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे.