तगरचे कापड
आपल्या जिल्ह्यातले तेर म्हणजे जुने तगर. इथले कापड भडोच बंदराकडे जाई, असे पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो. असा हुन्नर पिढ्यान्‌पिढ्या कसा टिकायचा, याचा अंदाज नाशिकच्या लेण्यांतल्या लेखावरून येतो. नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण कायमचे ठेवले. दरमहा शेकडा १ व्याज, त्यातून भिक्खूंना चीवर. मुद्दल परत घ्यायचेच नाही! म्हणजे नातू-पणतूही माग चालवणार, हा केवढा भरवसा.

पुढे मात्र हे शिकणे-शिकवणे जातीत कोंडले गेले. पोराने बापाचाच धंदा करायचा, आवड असो-नसो. या सक्तीवर बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये घाव घातला. आपल्या आजा-आजीने पोरांच्या हाती पाटी दिली, ते बरोबरच केले. आज एखादी नात हौसेने माग शिकते म्हणाली, तर गोष्ट वेगळी. तिच्यावर कुणाची सक्ती नाही.