निवृत्त शिपाई व धंद्याचें दार

लढाई संपल्यावर शिपायाचें पुढें काय होतें, हा प्रश्न इतिहासग्रंथांत बहुधा प्रकरणाच्या शेवटच्या ओळींत येतो. तह झाला, फौज मोडली, एवढें लिहून ग्रंथकार पुढील प्रकरणाकडे वळतो. परंतु ज्यांची फौज मोडली त्यांच्या आयुष्याचें प्रकरण तेथें मिटत नाहीं. अशा माणसांना स्वतःचें दुकान वा कारखाना घालतां यावा म्हणून राज्यकर्त्यांनीं काय केलें, याचा एक धागा इंग्लंड व अमेरिका येथील कायद्यांतून काढून दाखविण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

विषय सुचण्यास निमित्त घडलें तें असें. आमचा एक जुना विद्यार्थी सतरा वर्षें लष्करांत काढून हवालदार म्हणून निवृत्त झाला व गांवीं पिठाची गिरणी घालण्यासाठीं कर्ज मागावयास एका बँकेंत गेला. तेथील अधिकाऱ्यानें कागद पाहून विचारलें कीं, गेल्या सतरा वर्षांत तुम्हीं धंदा कोणता केला? हवालदार आमच्याकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, सतरा वर्षें मी काय करीत होतों तें सरकारला ठाऊक आहे. बँकेला तें कसें सांगूं?" हा प्रश्न नवा नाहीं, निदान साडेतीनशें वर्षांचा जुना आहे, असें शोधाअंतीं आम्हांस आढळून आलें.

आरंभीं एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. शिपायास किंवा त्याच्या कुटुंबास पोसणें निराळें, व त्यास धंद्याला लावणें निराळें. पहिला प्रकार आपणांकडे प्राचीन आहे. राजकार्यांत मेलेल्यांच्या बायकामुलांना अन्न व वेतन मिळावें, असें कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सांगितलें आहे. मराठेशाहींत रणांत पडलेल्यांच्या मुलांना बालपरवेशी मिळे व पराक्रमी पुरुषांना इनाम जमिनी मिळत. ही वृत्ति होय. ती चूल पेटती ठेवते. माणसाला बाजारांत उभें करीत नाहीं. हा दुसरा प्रश्न इंग्लंडांत लवकर उभा राहिला, याचें कारण तेथील बाजाराचें दारच बंद होतें.

राणी एलिझाबेथच्या कारकीर्दींत, इ. स. १५६३ मध्यें, झालेल्या कायद्यानें सात वर्षें उमेदवारी केल्याखेरीज कोणासहि ठराविक धंदे करतां येत नसत. शिवाय बहुतेक शहरांत, जो त्या नगरसंघाचा सभासद नाहीं त्याला दुकान मांडण्याची मनाई असे. आतां पाहा, जो तरुण विसाव्या वर्षीं फौजेंत गेला तो ही सात वर्षें कोठून आणणार? ज्या वर्षांत त्यानें सुतारकी वा विणकाम शिकावयाचें, तींच वर्षें त्यानें राज्याला दिलेलीं असत.

ही अडचण प्रथम ओळखली ती क्रॉमवेलच्या राज्यांत. १६५४ मध्यें काढलेल्या एका हुकुमानें लोकसत्तेच्या शिपायांना धंद्याची मोकळीक मिळाली. नंतर १६६० मध्यें दुसरा चार्ल्स गादीवर आला व क्रॉमवेलची ती फौज मोडण्याचें ठरलें. याच फौजेनें चार्ल्सच्या बापाचा पराभव केला होता. तरीहि नव्या राजाच्या पार्लमेंटनें त्याच वर्षीं तिच्यांतील शिपायांना धंदा करण्याची परवानगी देणारा कायदा केला. त्यांत औदार्य किती व भीति किती, हें सांगणें कठीण नाहीं. हातांत हत्यार धरण्याची संवय असलेली हजारों माणसें बेकार फिरण्यापेक्षां दुकानांत बसलेलीं बरीं, हें कोणासहि समजण्यासारखें होतें.

पुढें हा जणूं परिपाठच पडला. १६९७ च्या तहानंतर विल्यम राजाच्या वेळीं, १७४८ च्या तहानंतर १७४९ मध्यें, आणि सात वर्षांचें युद्ध संपतांच १७६३ मध्यें असे कायदे झाले. या सर्वांत राज्यानें शिपायास भांडवल म्हणून एक पैहि दिली नाहीं. त्यानें दिली ती माफी : सात वर्षांची अट या माणसापुरती नाहीं. म्हणजे फौजेंतील नोकरी हीच त्याची उमेदवारी, असें कायद्यानें जवळजवळ मानलें.

याचा परिणाम काय झाला, याचा मोठा साक्षी अ‍ॅडम स्मिथ होय. १७७६ सालच्या आपल्या ग्रंथांत तो लिहितो कीं, गेल्या युद्धानंतर एक लाखाहून अधिक शिपाई व खलाशी एकाएकीं मोकळे झाले, तरी देशांत कोणतीहि मोठी उलथापालथ झाली नाहीं. आणि त्यावरून तो पुढें विचारतो कीं, शिपायाला जी मोकळीक दिली ती सर्वच प्रजाजनांना कां नसावी? उमेदवारीचीं तीं बंधनें १८१४ मध्यें रद्द झालीं, व नगरसंघांचा व्यापारावरील मक्ता १८३५ मध्यें गेला. शिपायासाठीं किलकिलें केलेलें दार अशा रीतीनें अखेर सर्वांसाठीं उघडलें.

यावर कोणी म्हणेल कीं, हा जुना इतिहास झाला. माजी सैनिकाच्या धंद्याला खरी मदत १९४४ मध्यें अमेरिकेनें सुरू केली. हा पूर्वपक्ष तपासून पाहण्यासारखा आहे. २२ जून १९४४ रोजीं रूझवेल्टनें सही केलेल्या कायद्यानें घर, शेती वा धंदा यांसाठीं घेतलेल्या कर्जाच्या निम्म्या रकमेची, परंतु २,००० डॉलरपर्यंतच, हमी सरकारनें घेतली. व्याज चार टक्क्यांहून अधिक नसावें असेंहि ठरविलें. इंग्लंडच्या कायद्यांत नव्हतें तें भांडवल येथें आलें, हें खरें. परंतु त्या कायद्यांत एक अट होती. अर्जदाराची कुवत, त्याचा अनुभव व परिस्थिति पाहतां धंदा यशस्वी होण्याचा वाजवी संभव दिसला पाहिजे. कर्ज द्यावयाचें तें पेढीवाल्यानें. म्हणजे नगरसंघाच्या दारावरील पहारेकरी गेला, आणि त्याच्या जागीं पेढीवाला येऊन बसला.

या पहारेकऱ्यानें दार कोणासाठीं उघडलें? मिसिसिपी राज्यांतील १३ शहरांत १९४७ च्या उन्हाळ्यांत झालेल्या पाहणींत असें दिसून आलें कीं, सरकारी हमीच्या ३,२२९ कर्जांपैकीं कृष्णवर्णी माजी सैनिकांना मिळालीं तीं अवघीं दोन. कायद्यांत वर्णाचा उल्लेख नव्हता; त्याची गरजहि नव्हती.

पेढीवाल्याची शंका सर्वस्वीं अवाजवी होती, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. पहिल्या महायुद्धांत तोफखान्याच्या तुकडीचा कप्तान असलेल्या हॅरी ट्रूमननें एडी जेकबसन या सोबत्याबरोबर १९१९ मध्यें कॅन्सस सिटींत सदरे, गळपट्टे व टोप्या विकण्याचें दुकान काढलें. छावणींत या दोघांनीं मिळून शिपायांसाठीं दुकान चालविलें होतें व तें चांगलें चाललें होतें. म्हणजे लष्करांतहि धंदा शिकतां येतो. परंतु भाव कोसळले, आणि १९२२ मध्यें दुकान बंद पडलें. ट्रूमननें दिवाळें न काढतां पुढें कित्येक वर्षें कर्ज फेडलें. दार उघडलें म्हणजे यश ठरलेलें, असें नाहीं. तरी अपयशी होण्याची संधि मिळणें हाहि एक हक्कच आहे.

पुढील कायद्यांनीं हाच धागा पुढें नेला. सेवेंत अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या लहान धंद्यांना संयुक्त सरकारच्या कंत्राटांच्या रकमेपैकीं तीन टक्के मिळावे, असें लक्ष्य १९९९ च्या कायद्यानें ठरविलें. २०२३ अखेरच्या कायद्यानें तें पांच टक्के झालें. येथें राज्य केवळ दार उघडून थांबत नाहीं, तर स्वतः गिऱ्हाईक होतें.

एवंच, माफी, हमी व गिऱ्हाइकी या तीन पायऱ्या दिसतात. त्यांत पहिली सर्वांत स्वस्त, आणि आमच्या मतें सर्वांत न्याय्य. सेवेचीं वर्षें हीं अनुभवाच्या खात्यांत जमा धरावीं कीं वजा, हा मूळ प्रश्न आहे. १६६० च्या पार्लमेंटनें, शत्रूच्या शिपायांविषयीं कां होईना, तीं जमा धरलीं.

आमच्या हवालदाराची गिरणी पुढें सुरू झाली. भांडवल बँकेचें नव्हे. तें बायकोचे दागिने गहाण ठेवून उभें राहिलें.