लांबी आणि चांदी

पिंपळगाव बसवंतच्या पोराला पेशी पहिल्यांदा दिसते ती कांद्यातच. सरांनी पापुद्रा सोलून काचपट्टीवर पसरला, वर आयोडीनचा थेंब टाकला आणि विटांची भिंत दिसली. पुढे मुंबईत एका रुग्णालयाच्या हिस्टोपॅथॉलॉजीत तीस वर्षं मी मायक्रोटोमवर मेणाचे ठोकळे कापले. तिथे एवढं कळलं, की ज्या पेशीला रंग लागत नाही तिला कुणी विचारत नाही.

मेंदूतल्या ग्लिया पेशींचं हेच झालं. १८५६ साली रुडॉल्फ फिर्खोनं मज्जापेशींच्या मधल्या भागाला ‘न्यूरोग्लिया’ म्हटलं, म्हणजे मज्जातंतूंचा सरस. खिडकीची काच बसवायला लांबी भरतात ना, तेवढीच त्याची किंमत. मग १८७३ मध्ये इटलीत कामिलो गोल्जीनं पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये कडक केलेला मेंदू सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवला. मोजक्याच पेशी काळ्याभोर उठल्या, बाकीच्या कोऱ्या. चांदी लहरी, हा माझाही अनुभव. बोटांवरचे तिचे डाग कातडी गळेपर्यंत जात नाहीत. आई म्हणायची, भाऊ मोरचूद मारून निळा आणि तू मुंबईत जाऊन काळा.

सांतियागो रामोन काहालनं १९१३ मध्ये सोन्याचा क्षार वापरून ताऱ्यांसारख्या ॲस्ट्रोसाइट पेशी रंगवल्या. तरी काही बारक्या पेशी उरल्याच. त्यांना त्यानं ‘तिसरा घटक’ म्हणून बाजूला ठेवलं. शिष्य पीओ देल रिओ ओर्तेगानं १९१९ मध्ये सिल्व्हर कार्बोनेटनं दाखवलं, की त्या एका नावाखाली दोन जाती आहेत : साफसफाई करणारी मायक्रोग्लिया आणि मज्जातंतूवर आवरण चढवणारी ऑलिगोडेंड्रोसाइट. गुरूला हे रुचलं नाही. वर्षभरात शिष्याला प्रयोगशाळा सोडावी लागली.

जागा बदलली की ग्लिया पेशींची चणही बदलते. करड्या भागातली ॲस्ट्रोसाइट झुडपासारखी दाट. पांढऱ्या भागातली लांब, सडसडीत फांद्यांची. लहान मेंदूत बर्गमान पेशींचे तंतू द्राक्षाच्या मांडवाच्या खांबांसारखे ताठ उभे. मोजदादही सारखी नाही. २००९ च्या ब्राझीलमधल्या मोजणीत मोठ्या मेंदूच्या बाह्यकात सुमारे १६ अब्ज मज्जापेशी आणि ६१ अब्ज इतर पेशी भरल्या; लहान मेंदूत ६९ अब्ज मज्जापेशी आणि इतर फक्त १६ अब्ज.

निवृत्त होऊन गावी आल्यावर हे भावाला सांगत होतो. म्हटलं, प्रत्येक ॲस्ट्रोसाइटचं आपलं वावर असतं, शेजारणीत घुसखोरी जवळजवळ नाही. पण बांधावर बारीक मोऱ्या असतात. एकीत सोडलेला रंग दुसरीत, तिसरीत पाझरतो, आणि एकीकडे साठलेलं पोटॅशियमही याच वाटेनं पुढे सरकतं.

भाऊ चारीवरून आला होता, पाय चिखलानं भरलेले. म्हणाला, “बांध ज्याचे त्याचे अन् पाणी सगळ्यांचं. मग पाळी कोण लावतं?”